आधी लेकरू, मग चाची

कवठे येमाईत आमच्या अंगणवाडीला लागूनच जैनबचाचींचं घर. त्यांच्याकडं जेवणाची वेळ घड्याळावर नसे, सुनेच्या शिफ्टवर असे. सून शबाना कोरेगाव भीमाच्या कंपनीत, घरी यायची ती सुट्टीलाच. जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला, की चाची तो नातीपुढं, आलियापुढं धरणार आणि मगच घास भरवणार. तिकडं शबाना डबा उघडणार. चाची म्हणायच्या, "आई जेवल्याबिगर लेकरू जेवत न्हाई बाई, आमच्यात आसंच हाय." आता ही कुठली रीत? शिफ्ट बदलली की पोरीचं जेवणही बदलायचं. तोवर चहा-बिस्किटं.

मी अंगणवाडी सेविका. आलियाचं वजन काही केल्या वाढेना, तशी मी भडकलेच. "चाची, तो फोन ठेवा बाजूला! वेळेवर भरवा, आन् तुम्हीच जेवा तिच्यासंगं."

"बरं बाई," म्हणाल्या. दोघी शेवग्याखाली एका ताटात जेवू लागल्या. भाकरी, डाळ, कधी अंडं. पोरगी अंगानं भरली. मी गावभर मिरवले.

मग एका सुट्टीला शबाना घास घेऊन आलियामागं फिरताना दिसली. पोरगी आजीच्या पदराआड तोंड मिटून उभी. "माझ्या हातचं खातच न्हाई वो बाई," शबाना रडायलाच लागली. "आधी फोनवर तरी माझ्यासंगं जेवत व्हती." मी पोरीचं भलं केलं की वाटोळं?

चाचींनी सगळं ऐकलं. पुढं कंपनीला सुट्ट्या लागल्या, तशी त्यांनी पिशवी भरली. "दौंडला लेकीकडं जाती. गुडघा लय दुखतोय." दुखऱ्या गुडघ्याची ही बाई एसटीमागं चांगली पळत गेली!

त्या दिवशी दुपार टळली तरी आलियानं घास घेतला नव्हता. मी घाबरून दौंडला फोन लावला. "चाची, परत या. पोर उपाशी आहे हो."

चाची म्हणाल्या, "भूक लागू द्या. आई हाय ना तिची."

"आणि तुम्ही जेवलात का?"

"ती जेवली की फोन करा बाई. मग बसती."

खरं प्रेम कुणाचं आणि चूक कुणाची, मला काही कळेना. दिवेलागणीला आलियानं आईच्या हातून अर्धी भाकरी खाल्ली. मी लगेच दौंडला कळवलं. पलीकडून ताट ओढल्याचा आवाज आला.