ताईचे मासे, भावाची पावडर

तळ्यावरच्या ताईच्या नाकावर माशी बसली, तर ती माशीलाच जाब विचारेल, असं तिचा नवरा म्हणायचा. पण धाकट्या भावावर आला तो राग निराळाच होता.

माशांच्या खाद्यात शेवग्याचा पाला किती, लसूण किती, हे ताईनं चुकतमाकत ठरवलं होतं. एकदा लसूण जास्त झाला आणि माशांनी खाद्याला तोंडच लावलं नाही. खाद्याचं दुकान चालवणारा भाऊ पोट धरून हसला होता. "ताई, मासे पाळतेयस की फोडणी देतेयस?"

हळूहळू प्रमाण जमलं. मांस घट्ट, पोटात चरबी नावाला, शिजवल्यावर तुकडा मोडत नसे. मग भाऊ गोडीगुलाबीनं टोपलीभर मासे घेऊन गेला. म्हणाला, "पाहुणे यायचेत."

दुसऱ्या दिवशी ताई जाळ्याची दोरी आणायला निघाली, तर भावाच्या दुकानासमोर तळेवाल्यांची ही गर्दी! मेजावर तिच्याच टोपलीत बर्फावर तिचेच मासे, शेजारी माशांच्या खाद्यात घालायच्या हिरव्या पावडरीची पाकिटं. भाऊ सांगत होता, "ही सगळी किमया आमच्या पावडरीची!"

ती पावडर ताईनं एकदा पाण्यात टाकून पाहिली होती. रंग पाण्यात उतरला, कोंडा वर तरंगला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे मासे कुणाचे रे?"

भाऊ कसनुसं हसला. "ताई, घरचंच आहे. तुझं काय, माझं काय!"

"मासे माझे. कोंडा तेवढा तुझा!"

"लोकांसमोर नको ना..."

"खोटं बोललास ते लोकांसमोरच ना? आई गेल्यावर याच हातानं तुला भरवलं. ह्याच्यासाठी?"

तिनं टोपली उचलली आणि वळून सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "शेवग्याचा पाला सावलीत वाळवा. लसूण ठेचून, बेतानं घाला. पाकीट लागत नाही!"

गर्दी पांगली. संध्याकाळी भाऊ दारात येऊन ओरडला, "माझं दुकान बुडवलंस तू!" ताईनं कडी काढली नाही.

"सख्खा भाऊ आहे गं," नवरा म्हणाला.

"म्हणूनच!"

आता तळेवाले तिच्याकडे शिकायला येतात. ती शिकवते, चुकले की खडसावते. भाऊ मात्र फिरकत नाही. त्याची आठवण आली की तिला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं म्हणून आणखीच संताप होतो.