हिरव्या पानातला लाल उजेड

अजीजाबी लोहाऱ्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई. नवऱ्याच्या जागी लागलेली. पहिल्याच वर्षी जीवशास्त्राच्या बाईंनी तिच्याकडून पालक कुटून, स्पिरिटात भिजवून गाळून घेतला. बाटलीत हिरवंगार पाणी. मग बाईंनी खिडक्या झाकल्या, जांभळ्या उजेडाची बॅटरी लावली आणि ते पाणी आतून लालभडक पेटलं. अजीजाबीच्या हातातली गाळणी खाली पडली.

“भिऊ नका,” बाई म्हणाल्या. “पान सूर्याचा तांबडा नि निळा उजेड घेऊन अन्न तयार करतं. हिरवा कमी घेतं, म्हणून तो आपल्याला दिसतो. पण पानातला रंग असा बाहेर काढला, की घेतलेल्या उजेडाला काम उरत नाही. तो लाल होऊन परत येतो.”

अजीजाबीला ते पटलं. तरी त्या दिवशी तिनं तीनदा हात धुतले.

याला पंधरा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात तिच्या गल्लीत लागोपाठ दोन म्हशी मेल्या. कुणीतरी देवऋषी आणला. त्यानं खोलीची दारं-खिडक्या बंद केली, हिरव्या पाण्याच्या एका बाटलीवर जांभळी बॅटरी धरली आणि बाटली लाल झाली. “ह्यात कडूबाईच्या दारातल्या कडुलिंबाचा पाला हाय,” तो म्हणाला. “हिच्या झाडात रगत हाय. म्हशी हिनंच खाल्ल्या.”

कडूबाई अजीजाबीची शेजारीण, एकटी राहणारी म्हातारी. नळावर बाया तिच्यापासून घागरी लांब सरकवू लागल्या. पत्र्यावर दगड पडले. अजीजाबी भेटायला गेली, तेव्हा म्हातारी भर दुपारी दार लावून बसली होती.

“अजीजा, म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. माझ्याच झाडातलं.”

“कडूमावशी, त्या बाटलीला वास कसला येत होता?”

“दवाखान्यावानी.”

अजीजाबी काय ते समजली. बाईंना विचारून तिनं स्पिरिट आणि बॅटरी घेतली. रविवारी समाजमंदिराच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या आणि गल्लीला सांगितलं, “आपापल्या दारातला पाला आणा. तुमच्या हातानंच कुटा.” कुणी शेवगा आणला, कुणी जास्वंद, कुणी मेथी. दगड मारा म्हणणारी राजेश्वरी तुळस घेऊन आली. देवऋषी बोलावूनही आला नाही.

अकरा बाटल्या ओळीनं ठेवल्या. अजीजाबीनं बॅटरी लावली. पहिली बाटली लाल झाली, मग दुसरी. बॅटरी पुढं सरकेल तसा अंधारात एकेक लाल डोळा उघडत गेला.

“माझी तुळस?” राजेश्वरीचा आवाज फाटला.

“तुमचीबी,” अजीजाबी म्हणाली आणि तिनं घोंगडी ओढली. उन्हात अकराही बाटल्या पुन्हा हिरव्या झाल्या. बाईंनी सांगितलेलं तिनं जसंच्या तसं सांगितलं. किती जणांना कळलं, कुणास ठाऊक. माणसं आपापली बाटली न घेताच घरी गेली. जाताना राजेश्वरीनं मात्र कडूबाईचे पाय धरले.

दगड थांबले. नळावर म्हातारीला पुन्हा जागा मिळू लागली. पण कित्येक घरांतून महिनाभर पालेभाजी शिजली नाही आणि कडूबाईनं लिंबाखालची बाज उचलून आत नेली.

“मावशी, झाडात असताना तो उजेड अन्नात जातो. तसा लाल दिसत न्हाय,” अजीजाबी एकदा म्हणाली.

“व्हय गं, दिसत न्हाय,” म्हातारी वर पाहत म्हणाली. “पण हाय की आत.”