उष्णता

सरकारी दवाखान्यात तपासणीची खोली आणि आम्हा बायकांचं बाकडं यांच्यामध्ये एक हिरवा पडदाच तेवढा होता. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"एचपीव्ही नावाचा संसर्ग आहे," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "तो संबंधातून येतो. तो असला की एचआयव्ही लागण्याचा धोकाही वाढतो. तुम्हा दोघांची तपासणी करू. मालकांना आत बोलवा."

आतली बाई म्हणाली, "मला वाटलं, उष्णता आहे. मी सब्जा पीत होते."

बाकड्यावर कुणी हसलं नाही. सब्जा आम्ही सगळ्यांनीच प्यायलाय. अंगावरून गेलं, खाज सुटली, जळजळ झाली, की उष्णता. आईने सांगितलं, आम्ही मुलींना सांगितलं. किती सोयीचा शब्द आहे हा! उष्णता म्हटलं की दोष आपल्याच अंगाचा. कुणाला काही विचारावं लागत नाही, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आणि रोग मात्र आपल्या शेजारीच निवांत झोपलेला असतो.

पडदा सरकवून ती बाहेर आली. विशीतली असेल. पदर सारखा करत ती पायऱ्या उतरली. खाली, आमच्या बाकड्यासमोरच, लिंबाच्या झाडाखाली तिचा नवरा मोटारसायकलवर बसून होता.

"काय म्हणाल्या बाई?" त्याने विचारलं.

तिने एकदा मागे वळून दवाखान्याकडे पाहिलं.

"काही नाही," ती म्हणाली. "उष्णता आहे."

आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे बसली.