उपेंद्ररावांचा धनुर्मास

माणसानं पुस्तकांवर जीव लावावा, पण इतका लावू नये, असं मी उपेंद्ररावांना तोंडावर सांगितलं होतं. मी स्वभावानं फटकळ, त्यामुळे माझं बोलणं कुणी मनाला लावून घेत नाही. त्यांनीही घेतलं नाही. "हेमलताबाई, दुसरं जीव लावायला आहे काय माझ्याकडे?" म्हणाले आणि शिडीवर चढून वरच्या फळीवरची धूळ झटकायला लागले. साठी उलटलेली, नजर अधू, आणि शिडीचा एक पाय आखूड. बडबड करत मीच खाली शिडी धरून उभी राहिले.

बंगळूरच्या चामराजपेटेत तेव्हा मराठ्यांचं एक छत्र होतं. छत्र म्हणजे लग्नकार्यासाठी समाजानं बांधलेली इमारत. शहाजीराजांच्या काळात जी घराणी इकडे आली आणि इथलीच होऊन गेली, त्यांचं ते. तिथल्या मोठ्या हॉलच्या एका भिंतीला आमचं मराठी वाचनालय होतं. चार कपाटं, एक टेबल आणि वर्तमानपत्र वाचायला एक बाक. मागं एक अंधारी खोली होती, तिच्यात उपेंद्रराव राहायचे. वाचनालय सांभाळायचं आणि त्या बदल्यात खोली वापरायची, असं ठरलेलं होतं.

मूळचे ते मिरजेचे. इथल्या एका कारखान्यात नकाशे काढायला आले. वाचनालय खरं तर त्यांच्या बायकोनं, प्रमोदिनीबाईंनी सुरू केलं. कानडी मुलखात आल्यावर बाईंना मराठी अक्षर बघायला मिळेना, म्हणून माहेराहून ट्रंक भरून पुस्तकं आणली आणि शेजारणींना वाचायला द्यायला लागल्या. त्या एका ट्रंकेची चार कपाटं झाली, आणि मग बाई क्षयानं गेल्या. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर कारखान्याचं घर सोडावं लागलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं हे मिरजेला जातील. हे पुस्तकांच्या मागोमाग छत्रातल्या खोलीत जाऊन राहिले. मिरजेत आता कुणी नाही, इथं निदान तिनं हात लावलेली पुस्तकं आहेत, असं ते म्हणायचे.

एकोणसाठ सालच्या थंडीत छत्राचे अध्यक्ष खंडोजीराव वाचनालयात आले. चिक्कपेटेत त्यांचं कापडाचं दुकान. मिशा भारी, आवाज त्याहून भारी, पण माणूस मनानं वाईट नव्हता. बाकावर टेकले आणि आढेवेढे न घेता बोलले.

"अण्णा, छत्र आमच्या लोकांचं. तुमच्या वाचनालयात येतात ते सगळे कारखान्यातले. आमच्यातलं एक माणूस तरी येतं का, सांगा? शामियानावाला ही जागा मागायला लागलाय, सामान ठेवायला. लग्नाच्या वेळी तोच कामाला येणार."

यात खोटं काही नव्हतं. पुण्या-मुंबईकडून आलेली आमच्यासारखी कुटुंबंच पुस्तकं न्यायची. जुन्या घरांत मराठी बोलायचे, पण शाळा सगळ्यांची कानडीत झालेली. मराठी पुस्तक हातात घेऊन अक्षर अक्षर जुळवत कोण बसणार?

उपेंद्ररावांचा चेहरा पांढरा पडला. ते चाचरत म्हणाले, "त्यांना वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवतो. व्याख्यानं ठेवतो. मोठ्या माणसांसाठी महिनाभर कार्यक्रम करतो. मला एक महिना द्या."

खंडोजीरावांनी विचार केला. "सरी, चालेल. धनुर्मासात लग्नं नसतात, हॉल रिकामाच असतो. तो महिना तुमचा. आमचे लोक आले तर कपाटं राहतील. नाही आले, तर संक्रांतीनंतर जागा मोकळी करायची."

जागा म्हणजे मागची खोलीही आलीच. ते खंडोजीराव बोलले नाहीत आणि उपेंद्ररावांनी विचारलं नाही.

मग त्या माणसानं जिवाचं रान केलं. धनुर्मासातल्या प्रत्येक रविवारी एक कार्यक्रम. सहा वाजता हॉलमध्ये छत्राचं भजन असायचं, म्हणून त्याआधी आटपायला हवं. आणि रविवारी जेवून झोप काढून चहा झाल्याशिवाय मराठी माणूस सभेला येत नाही, अशी त्यांची मिरजेपासूनची पक्की समजूत. तेव्हा वेळ ठरली साडेचारची. पत्रकं मराठीत छापली, कानडीत छापली, आणि दोन्हींत जाड ठशात घातलं, 'शुभारंभ ठीक साडेचार वाजता'. ती पत्रकं घेऊन ते चामराजपेट, कॉटनपेट पालथं घालायला लागले. घरोघरी त्यांचं स्वागत व्हायचं. "या अण्णा, बसा. स्वल्प कॉफी घ्या." पत्रक वाचून झालं की, "सरी अण्णा, येतो की." एकानंही नाही म्हटलं नाही. मला येऊन सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. खुर्च्या कमी पडतील म्हणून आमच्या घरून सतरंजी मागून नेली.

पहिल्या रविवारी आमच्या ह्यांचं, पद्माकरांचं व्याख्यान होतं. विमानाच्या कारखान्यात होते ते, त्यामुळे रशियानं आकाशात सोडलेला चंद्र कसा फिरतो ते सांगणार होते. ऐकायला आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समधली चार कुटुंबं. छत्रवाल्यांपैकी चिटपाखरू नाही. सतरंजीची घडीसुद्धा मोडली नाही. खरी गंमत पुढेच. व्याख्यान संपवून आम्ही खुर्च्या आवरतोय तोच सहाचे ठोके पडले आणि छत्रातली मंडळी टाळमृदंग घेऊन आत आली. केसात कनकांबरं माळलेल्या बायका, म्हातारे, सगळे. "नमस्कार अण्णा, छान झालं का?" असं अगदी प्रेमानं विचारत होते. उपेंद्रराव हात जोडून कोपऱ्यात उभे राहिले.

दुसऱ्या रविवारी मी आहारावर बोलणार होते. भाज्या मांडून बसले. बायका आल्याच नाहीत, आणि सहाला पुन्हा भजनाला सगळ्या हजर. माझं डोकं फिरलं. "यांना आपण नकोच आहोत," मी म्हटलं. "घरी बसवून कॉफी पाजतात आणि पाठ फिरली की हसतात. कशाला त्यांच्या नाकदुऱ्या काढता?"

"नाही हो, असं नका म्हणू," उपेंद्रराव म्हणाले. "आपलंच काहीतरी चुकतंय. काय चुकतंय तेवढं कळलं पाहिजे." त्या आठवड्यात ते पुन्हा सगळ्या घरांत जाऊन आले. काही घरांत तर दोनदा. आता ते बोलवत नव्हते, भीक मागत होते. मला बघवत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी एक डॉक्टर मधुमेहावर बोलणार होते. उपेंद्ररावांनी आचारी लावून उप्पिट आणि केसरीभात करवला होता. खायला तरी येतील, ही आशा. साडेचार वाजले, पाच वाजायला आले. क्वार्टर्सवाल्यांचाही उत्साह संपला होता. हॉलमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको, डॉक्टर आणि झाकलेली पातेली. मी दारात गेले तर समोर मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर छत्रातली मंडळी बसलेली. पंधरा-वीस तरी असतील. आमच्याकडेच बघत होती.

उपेंद्ररावांनीही पाहिलं. ते धोतर सावरत रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हातांनी बोलवायला लागले. "या ना! या हो! सगळं तयार आहे!" त्या लोकांनी तिथूनच हात जोडले. मान खाली घातली. एकजण उठला नाही. टांगेवाला ओरडला तेव्हा पद्माकरांनी त्यांना हाताला धरून आत आणलं.

डॉक्टर थोडा वेळ थांबून निघून गेले. तेव्हा उपेंद्रराव टेबलापाशी उभे राहिले आणि त्यांनी आभारप्रदर्शन केलं. रिकाम्या खुर्च्यांसमोर. वक्त्यांचे आभार, आचाऱ्याचे आभार, "आणि आपण सर्वांनी वेळात वेळ काढून उपस्थित राहिल्याबद्दल." मी ओरडले, "बसा हो, पुरे झालं!" तसे ते बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "तिचं एवढंसुद्धा मला सांभाळता आलं नाही," एवढंच म्हणत होते. मला त्या कट्ट्यावरच्या माणसांचा असा संताप आला की भजन सुरू व्हायच्या आत मी तिथून निघाले.

शुक्रवारी ते म्हणाले, "मी खंडोजीरावांचे पाय धरतो. चला माझ्याबरोबर, एकट्याला धीर होत नाही." मला पटत नव्हतं, तरी गेले. खंडोजीराव ओसरीवर होते. त्यांच्या बायको कौशल्याक्का दारात उभ्या होत्या. उपेंद्रराव खरंच वाकले. खंडोजीराव झटकन मागं सरले.

"नको अण्णा! तुम्ही बापाच्या जागी. पाप लागेल मला."

मला राहवलं नाही. "मग त्यांना असं का छळता? आम्ही तुमचं काय घोडं मारलंय? घरी बोलवायला आलं की येतो म्हणता, मग समोर कट्ट्यावर येऊन बसता आणि आत पाऊल टाकत नाही!"

खंडोजीरावही भडकले. "छळता तुम्ही, अक्का! आयतवारी साडेचारला राहुकाळ लागतो, तो सहापर्यंत. तुम्ही नेमकं तेव्हाच बोलवायचं, वर 'शुभारंभ ठीक साडेचार' असं मोठ्या अक्षरात छापायचं! आम्ही समजलो, शिकलेले लोक, देवधर्म मानत नाहीत, ते आम्हाला दाखवायला मुद्दाम केलं."

राहुकाळ! रोजचा दीड तासाचा अशुभ काळ, पंचांगाच्या कोपऱ्यात कुठंतरी छापलेला असतो, एवढंच आम्हाला ठाऊक. मिरजेत ना पुण्यात, त्याच्यासाठी कुणी पाऊल अडवून धरलेलं आम्ही तरी पाहिलं नव्हतं. इथं मात्र सगळं गाव तो पाळतं, आणि तीन पिढ्या नव्हे, दहा पिढ्या इथं काढलेले हे मराठेही पाळतात.

कौशल्याक्का हळू आवाजात म्हणाल्या, "सरस्वतीचं काम, नव्यानं धरायचं, ते राहुकाळात कसं धरायचं अण्णा? लेकरंबाळं असलेल्या बायका आम्ही. म्हणून कट्ट्यावर बसायचो. सहा वाजले की आत यायचो, तर तुमचं संपलेलं असायचं."

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"बोलवायला घरी आलेल्या मोठ्या माणसाला नाही म्हणायचं? तुझं चुकलं म्हणायचं?" त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं.

उपेंद्रराव एकदम ताठ झाले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रक्त आलं. "एवढंच ना? अहो, मग वेळ बदलतो! तुम्ही सांगाल ती वेळ! अजून एक रविवार आहे!"

"दोनला ठेवा," कौशल्याक्का म्हणाल्या. "दोनला सगळे येतील. मी आणते."

खंडोजीरावांनी मात्र मिशीला हात लावला. मग खाली बघत म्हणाले, "तीन आयतवार असेच गेले, म्हणून काल शामियानावाल्याला तांबूल दिलं, अण्णा."

तांबूल दिलं म्हणजे पानसुपारी हातात ठेवून शब्द दिला. त्यांच्यात दिलेलं तांबूल माघारी घेत नाहीत. मुलगी मोडक्या घरात द्यायची वेळ आली तरी घेत नाहीत. मला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, कारण कौशल्याक्का पदरात तोंड लपवून आत गेल्या होत्या. उपेंद्ररावांनी एकदा विचारलं, "काहीच नाही का होणार?" खंडोजीरावांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यामुळे मला त्यांच्यावर रागवायचीही सोय राहिली नाही.

"तरी रविवार माझा आहे ना?" उपेंद्ररावांनी विचारलं.

"तुमचाच अण्णा."

"मग कुणाला सांगू नका. येऊ देत."

वरातीमागून घोडं, दुसरं काय! वाटेत मी म्हटलं, आमच्याकडे राहायला चला. दोन खोल्यांत चार माणसं आहेत, पाचवं सामावेल. ते म्हणाले, "आणि कपाटं?"

रविवारी दोनच्या आतच हॉल भरला. खुर्च्या भरल्या, सतरंज्या भरल्या, खिडक्यांत माणसं बसली. म्हातारे, सुना, चिक्कपेटेतले दुकानदार, सगळे नटूनथटून, लग्नाला यावं तसे. बायकांनी येताना फुलं आणली होती, ती कपाटांच्या मुठींना खोचली. खंडोजीराव अगदी मागं भिंतीला टेकून उभे राहिले. मी पुढं, उपेंद्ररावांच्या टेबलाशेजारी बसले.

त्यांनी एका कोकणी खलाशाची गोष्ट वाचायला घेतली. आमच्या मराठीतला एखादा शब्द अडला की कानडी शब्द घालायचे, कुणीतरी खालून दुरुस्त करायचं, की हसू पिकायचं. माणूस वाचतही असा होता की जहाज वादळात सापडलं तेव्हा बायकांनी एकमेकींचे हात धरले. खलाशी लाकडाच्या फळीला धरून तरंगतोय, किनारा दिसत नाही, इथपर्यंत आले आणि सव्वाचार वाजले. लोक चुळबुळ करायला लागले. राहुकाळाआधी घरी पोचायचं होतं.

उपेंद्रराव थांबले. मागून एक म्हातारी उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "पुढल्या आयतवारी पुढचं वाचायचं हं, अण्णा! जगतो ना तो?" तिच्या मागोमाग सगळेच म्हणायला लागले, पुढल्या आयतवारी, दोनला, आम्ही येतो.

उपेंद्ररावांनी मागं खंडोजीरावांकडे पाहिलं. खंडोजीरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जगतो, अक्का. सुखरूप घरी जातो," उपेंद्रराव म्हणाले. "गोष्ट इथंच संपते."

त्यांनी पुस्तक मिटलं. मी शेजारीच होते. निम्म्याहून जास्त पानं वाचायची राहिली होती.