जनूभाऊंची मिशी आणि गावकीची राई

कमिटी या शब्दाचा मला मनापासून तिटकारा आहे. पेणच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवताना इतक्या कमिट्यांवर बसले की, निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं, आता फक्त झोपाळ्यावर बसायचं. तरी गेल्या वर्षीच्या हनुमान जयंतीला रामवाडीमागच्या आमच्या गावकीने मला राईच्या कमिटीची चिटणीस केलं आणि राखणदार म्हणून जनूभाऊंना नेमलं.

जनूभाऊ म्हणजे आधी मिशी, मग जनूभाऊ. ती इतकी दाट की खाली तोंड आहे हे ते जेवायला बसल्यावरच कळायचं. त्यांचं तरुणपण वडखळकडच्या मिठागरात गेलं. आगर बंद पडलं तेव्हा डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे शिफ्ट केल्या, आणि साठी उलटल्यावर घरी बसले. घरी बायको जनी. नवरा जनू, बायको जनी; लग्नात भटजींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली होती म्हणे.

राईची जागा म्हणजे टेकडीच्या उतारावरची गावकीची पडीक जमीन. आम्हाला तिथे झाडं, झोपाळे, म्हाताऱ्यांना बसायला सावली हवी होती. गावातल्या तरण्या हितेशला आणि त्याच्या टीमला हवं होतं क्रिकेटचं टर्फ. देवळात तीन तास भांडण झालं आणि शेवटी तोड निघाली : तीनशे रोपं लावा, पुढच्या हनुमान जयंतीला मोजू. दोनशे जगली तर राई कायमची, नाहीतर टर्फ. सगळे उठायला लागले आणि जनूभाऊंना स्फुरण चढलं.

"माज्या हातानं एक जरी झाड मेलं," ते म्हणाले, "तर त्याच दिवशी मारुतीसमोर मिशी उतरवीन."

"मोजणीच्या दिवशी," हितेशने दुरुस्ती केली. "सगळ्यांसमोर."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" मी बाहेर आल्यावर त्यांना झापलं. त्यांची मिशी थरथरली. माणूस शीघ्रकोपी दिसतो, अशी मी मनात नोंद केली. पुढे वर्षभर मी त्यांना झापत राहिले आणि मिशी थरथरत राहिली. मीही मागे हटणारी नव्हे.

जुलैत रोपं लागली. आवळा, करंज, ऐन, आणि खालच्या खोलगट भागात साठ काजू. मग मी महिनाभर रोह्याला लेकीच्या बाळंतपणाला गेले, आणि इथे घोटाळा झाला. त्या खोलगट भागातून पाणी वाहून जाताना जनूभाऊंना बघवेना. सगळा जन्म आगरात गेलेला. पाणी गेलं की पीक गेलं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी केरू, महिपती असे मिठागरातले जुने सोबती गोळा केले, भोवती बांध घातला, आणि एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रोपांमधला चिखल तीन दिवस पायांनी तुडवला. आगराचा तळ असाच तुडवतात, म्हणजे थेंब खाली झिरपत नाही. इथेही झिरपला नाही. मी परत आले तेव्हा गुडघाभर पाण्यात साठच्या साठ काजू माना टाकून उभे होते.

"जनूभाऊ, झाडं लावायला सांगितली होती, मीठ पिकवायला नाही."

त्या दिवशी मात्र मिशी हलली नाही. "माज्या हातानं मेली, बाई," एवढंच ते म्हणाले आणि वस्तरा आणायला घरी निघाले. जनीनेच त्यांना अडवलं. बोली मोजणीच्या दिवसाची आहे, आधी उरलेली झाडं बघा, म्हणाली. मला माझ्या जिभेचा फार राग आला, पण तसं मी बोलले नाही. अजूनही बोलले नाहीये.

दिवाळीत ट्रकच्या टायरचे चार झोपाळे बांधले. पहिल्या दिवशी पोरांना त्यावर बसायलाच मिळालं नाही, कारण पन्नाशीच्या पुढच्या बायका उतरेनात. काशीबाईने नऊवारीचा काचा मारून असा झोका घेतला की तिची सून डोळे मिटून उभी राहिली. मीसुद्धा बसले. चिटणीस होते म्हणून जरा जास्त वेळ बसले.

फेब्रुवारीत मात्र तोंडचं पाणी पळालं. राईची विहीर आटली. टँकर मागवला तर तो टेकडीच्या चढावरच अडकला. रोपं पिवळी पडायला लागली आणि हितेश येता-जाता मोबाईलवर टर्फचे फोटो दाखवायला लागला. मी वैतागून खाली गेले तर जनी हंडा भरत होती. कुठून? काजूंच्या त्या स्मशानातून. सगळी टेकडी कोरडी ठणठणीत आणि तिथे कमरेएवढं पाणी, वर दोन बगळे.

"म्हाताऱ्यानं तुडवलाय बाई," जनी म्हणाली. "ता पानी कुठं जातंय?"

मग काय, सगळं गाव लागलं कामाला. सकाळी बायकांची रांग, संध्याकाळी पुरुषांची, एका झाडाला एक हंडा. मार्चमध्ये महिपतीने खाडीतली आपली जुनी होडी टेम्पोत घालून आणली आणि तळ्यात सोडली. रविवारी पेणहून माणसं यायला लागली. हितेशची टीम चेष्टा करायला आली, होडीत बसली, उलटली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. होडीत बसायचं तर आधी दहा हंडे वाहायचे, असा नियम मीच काढला. टर्फवाल्यांनी सगळ्यात जास्त हंडे वाहिले. आपण कुणाची झाडं जगवतोय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण होडीपुढे काही सुचत नव्हतं.

हनुमान जयंतीला हितेशनेच मोजणी केली. प्रत्येक रोपाची साल नखाने खरवडून, आत हिरवं दिसलं तरच आकडा. मी मारुतीला इतके नवस बोलले की आता ते फेडायला दुसरा जन्म लागेल. टेकडीवरून त्याचा आवाज आला, "दोनशे चौदा." आणि तो स्वतःच नाचायला लागला. केरूने ताशा काढला. काशीबाई झोपाळ्यावर उभी राहिली. मी, विमल, बासष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका, हितेशचा हात धरून फुगडी खेळले.

तेवढ्यात बांधावरून एक अनोळखी म्हातारा आला. हितेश त्याला म्हणाला, "काका, होडीसाठी आधी हंडे."

तो म्हातारा म्हणजे जनूभाऊ. ओठावर नुसती गोरी पट्टी. राई जिंकली होती, कुणी त्यांना मिशी मागितली नसती.

"बोली त्या साठ झाडांशी होती," ते खाली मान घालून म्हणाले. "तुमच्याशी नाय."

मला गलबलून आलं, आणि म्हणून अर्थातच मी खेकसले, "मग आता तोंड काय लपवताय? बसा त्या होडीत, बायकोला घेऊन."

तसे त्यांचे ओठ थरथरले. दोन्ही कोपरे वर गेले, खालचे चार दात दिसले, गालांना खळ्या पडल्या. मी बघतच राहिले. ही थरथर मी वर्षभर बघत आले होते.

"जनी," मी विचारलं, "हे माझ्यावर रागवायचे ना गं?"

"नाय बाई," जनी होडीत पाय टाकत म्हणाली. "तुमी वरडायला लागलात का म्हाताऱ्याला लय हसू यायचा."