शेवटची चकती

आज नातसुनेनं शिवणाचं मशीन रॉकेलनं पुसलं आणि त्या वासानं मी साताऱ्याच्या पडवीत जाऊन बसले. हिटलरची लढाई नुकतीच संपली होती.

आमच्या ह्यांच्या बोटांची टोकं लढाईत भाजून बधिर झालेली. तरी पलटणीत शिकलेलं काम सुटू नये म्हणून त्यांनी एका मोटारीचं, नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं इंजिन जुळवायला घेतलं होतं. त्यातला क्रँक, म्हणजे मधला फिरता दांडा, पुढंमागं केसभरच हलायला हवा. जास्त हलला तर इंजिन टिकत नाही. ते दांड्याच्या टोकाचं जड चाक, फ्लायव्हील, ढकलायचे आणि उरलेल्या फटीत मापाची पाती मी सरकवायची. पाती सैल गेली की आत आणखी जाड चकती घालायची.

“ही शेवटची,” ते म्हणाले. “कशी जातीय?”

पाती सैलच गेली. त्यांच्या तोंडाकडं बघून मी म्हटलं, “घट्ट हाय. बसलं बगा.”

त्यांनी फ्लायव्हील ओढून परत ढकललं. सैल दांडा आत टक् वाजला.

“बोटं गेल्यात गं. कान न्हाई.”

मग एकेक हत्यार रॉकेलनं पुसून त्यांनी पेटीत ठेवलं. ती पेटी पुन्हा उघडली नाही.

तेव्हा वाटलं, मी धीर दिला. पण भरवशाची बोटं त्यांना माझीच तेवढी उरली होती.