काशाची वाटी घरात नव्हती

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी नाही. आमच्या काळाचौकीच्या चाळीत जिन्याखाली कोण दिसतं, गच्चीवर कोण चालतं, हे तीस वर्षं ऐकतेय. त्याच जिन्याने मी वेळी-अवेळी एकटी गेलेय आणि मला मांजराशिवाय कोणी भेटलेलं नाही. मोबाईलवर लोक असे अनुभव लिहितात ते वाचते, आणि फोन बाजूला ठेवून कामाला लागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण हे मनातून जात नाही, म्हणून वहीत उतरवतेय...

मला नऊ वर्षांपासून आमवात आहे. सांधे सुजतात, सकाळी बोटं वळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, हा पूर्ण जाणार नाही, सांभाळून राहायचं. आठवड्याची गोळी, अधूनमधून रक्ताची तपासणी – त्याची सवय झाली. सवय झाली नाही ती पायातल्या पेटक्यांची. डाव्या पायाची बोटं एकमेकांवर चढतात, तळवा आतून पिळून निघतो. बोटं आता वाकडीही झालीत. ती कोणाला दिसू नयेत म्हणून मी पाय साडीखाली घेऊन बसते. माझी मुलगी प्राची कितीदा म्हणाली, दे मी चोळते. मी दिला नाही.

पेटका येणार असं वाटलं की मी दाराला कडी लावायचे. आमच्याकडे दुपारी कोणी दार लावत नाही. समोरच्या मंदाताई टोमणा मारायच्या, "दार लावून एकटीच आंबे खातेस काय गं?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मंगळवार, दुपारचे अडीच वाजले असतील. माझे मिस्टर ड्युटीवर, रे रोडच्या लाकडाच्या वखारीत, प्राची ऑफिसात. सांडगी मिरची तळायला मी कढईत तेल तापत ठेवलं होतं. पाय वळायला लागला तशी आधी जाऊन कडी लावली. परत ओट्याकडे येताना पाय असा आकडला की मी खालीच बसले – बसले कसली, पडले. मनगटं सुजलेली, हातावर जोर देऊन उठता येईना. गॅसचं बटण डोक्याच्या वर. तेलाचा वास बदलला, मग धूर यायला लागला.

मंदाताई दहा पावलांवर होत्या. हाक मारायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. तेल पेटायची वेळ आली तरी मला लाजच वाटत होती, की त्या येतील आणि माझा पाय बघतील.

मी डोळे गच्च मिटून घेतले. तेवढ्यात तळव्याला गार काहीतरी लागलं. गार, गोल आणि जड. टाचेपासून बोटांकडे गोल गोल फिरत वर गेलं, अंगठ्याच्या मुळाशी थांबलं, मग कोणीतरी बोटं धरून हळूच वर ओढली. मी डोळे उघडले नाहीत. खरं सांगते, हिंमत झाली नाही. पण ती घासायची तऱ्हा मला माहीत होती, कारण ती माझीच होती.

माझ्या सासूबाईंचे पाय मी चौदा वर्षं रोज दुपारी काशाच्या वाटीने घासले. तळव्याला तूप लावायचं, वाटी फिरवायची, की तूप काळं होतं. त्या म्हणायच्या, अंगातली उष्णता निघाली. याशिवाय काही बोलत नसत. बास झालं की माझ्या मनगटावर दोन बोटांनी दोनदा टकटक करायच्या. म्हणजे पुरे. कधी बरं वाटलं म्हणाल्या नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

पायाची गाठ सुटली. एकमेकांवर चढलेली बोटं खाली आली. आणि मी, का ते माहीत नाही, दोन बोटांनी लादीवर दोनदा टकटक केलं. घासणं लगेच थांबलं.

मी उठले आणि गॅस बंद केला. दाराची कडी लागलेलीच होती. खुर्चीत बसून पाय वर घेतला तेव्हा दिसलं – डावा तळवा काळा. तुपाचा काळा. उजवा स्वच्छ.

संध्याकाळपर्यंत मी तो पाय धुतला नाही. प्राची आली, तिला दाखवला. ती म्हणाली पेटका आपोआप सुटतो, आणि लादीवर काहीतरी सांडलं असेल. असेल. पण लादी मी सकाळीच पुसली होती, आणि काशाची वाटी आमच्या घरात नाहीच. सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. बाराव्यानंतर त्यांच्या वस्तू वाटल्या तेव्हा वाटी नणंदेने कणकवलीला नेली.

न राहवून तिला फोन केला. ती म्हणाली, "वयनी, वाटी ट्रंकेत आसा. भायर काढूकच नाय. तुका व्हयी काय?"

मी हो म्हणाले. मला काही हवं आहे, हे मी पहिल्यांदाच कोणाला सांगितलं असेल. गणपतीला गावी गेलेल्या दिराबरोबर तिने वाटी पाठवली.

आता रविवारी दुपारी प्राची माझे पाय घासते. पहिल्या दिवशी मी मान फिरवून बसले होते. ती वाकडी बोटं हातात घेऊन ऑफिसच्या गोष्टी सांगत राहिली. शेवटी मी तिच्या मनगटावर दोनदा टकटक केलं.

"हे काय, आई?"

"पुरे," मी म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हटलं, "बरं वाटलं गं."

पेटके अजून येतात, गोळ्या चालूच आहेत. दार मात्र उघडं असतं. मंदाताई येतात, पाय बघतात, गरम पाण्याची पिशवी आणून देतात आणि चहा पिऊन जातात.

त्या दुपारी कोण होतं, मला आजही सांगता येत नाही. सासूबाईच होत्या असं मी म्हणणार नाही, मी बघितलं नाही. ज्यांचे हात होते, त्यांना मी फक्त पुरे म्हणाले. बरं वाटलं, हे सांगायचं राहून गेलं... ते इथे लिहून ठेवते.